पानं उतरवलेला वड

आमच्या नवीन पनवेलच्या घराला दोन गॅलऱ्या होत्या, पुढची जगासाठी आणि मागची आमच्यासाठी. पुढच्या गॅलरीत तुळस, एक वेताची खुर्ची आणि वाळत घालायला लाज वाटणार नाही असे कपडे. मागची गॅलरी स्वयंपाकघराला लागून. तिथे केरसुणी, रॉकेलचा डबा, पाटा-वरवंटा, जुन्या साड्यांची पायपुसणी आणि आईची झाडं. दुपारी जेवणाच्या सुमारास लांब डोंगराकडे दगडाच्या खाणीत सुरुंग उडत, तेव्हा मांडणीवरची भांडी क्षणभर थरथरत आणि पुन्हा गप्प होत. आई झाडाशी काही करत असली, तर तेवढ्यापुरता हात थांबवी आणि भांड्यांचं झालं की पुन्हा सुरू करी. वसाहत तेव्हा नवी होती, म्हणजे तिची जुनी दिसायला नुकती सुरुवात झाली होती. रस्ते सरळ होते, इमारतींना क्रमांक होते, प्रत्येक इमारतीला सोसायटी होती आणि प्रत्येक सोसायटीला एक अध्यक्ष होते. मोठी झाडं तेवढी नव्हती. नकाशात होती, असं म्हणत.

आईचा वड याच वसाहतीचा. वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते. आईला त्यांच्या जागी कचेरीत नोकरी मिळाली आणि आम्ही दोघीच त्या घरात राहिलो. त्याच सुमाराला मागच्या भिंतीवरच्या सांडपाण्याच्या पाइपच्या सांध्यातून एक वड फुटला. पक्ष्यांनी टाकलेलं बी. वरून बोटभर रोप दिसत होतं, पण भिंतीच्या आत ते चांगलं बाळसं धरून होतं. पाइप दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने हात झटकले. "वड आहे, ताई. मी सिमेंट मारतो, पण उपटणार नाही. लेकरंबाळं आहेत मला." शेजाऱ्यांपैकी कोणी म्हणालं, गुरुजींना विचारा, शांत करून घ्या. आईनं कोणालाच विचारलं नाही. "माझं आता आणखी काय वाईट व्हायचंय?" एवढंच म्हणाली, आणि ओलं गोणपाट लावून, काही संध्याकाळी मऊ करत करत, केसातल्या आकड्यानं सांध्यातला चुना उकरून तिनं तो वड सोडवला. मुळं लांबलचक आणि भिंतीत राहून चपटी झालेली. ती तिनं ओंजळीत धरून पाहिली, अर्धी कापली आणि उरलेलं झाड मातीच्या परळात बसवलं. परळ म्हणजे आमच्याकडे पिण्याच्या पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवायचं ते उथळ, पसरट भांडं. त्याला तिनं खिळ्यानं भोकं पाडली होती.

बोन्साय हा शब्द तिला बराच काळ माहीत नव्हता. मी शाळेच्या वाचनालयातल्या एका मासिकात तो वाचला आणि मोठ्या ऐटीत घरी आणला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल." तिची पद्धत तिची होती. विटांचा चुरा पिठाच्या चाळणीनं चाळायचा, धूळ टाकून द्यायची आणि राई-मोहरीएवढे खडे ठेवायचे. गाढी नदीच्या पात्रातली वाळू धुऊन घ्यायची. फांद्या वळवायला तांब्याची तार लागे, ती जळलेल्या पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानातून येई. दुकानदाराला वाटे, बाईंच्या घरी फार पंखे जळतात. मासे धुतलेलं पाणी गाळून, पातळ करून झाडांना मिळे. मासे घेऊन हिराबाय यायची, उरणकडची कोळीण. तिची टोपली जिन्यात ठेवली की वरच्या मजल्यांवरची दारं आवाज करून बंद होत. ती मात्र आमच्या मागच्या गॅलरीपर्यंत येऊन बसे, पाणी पिई आणि त्या वडाकडे पाहून दर वेळी तेच विचारी.

"बाय, या झाराला जेवाला देत नाय का गं? एवरंसंच ऱ्हायलं."

"खातं गं ते. तुझ्यासारखं बोलत नाही, म्हणून कळत नाही," आई म्हणे.

"आमचे खारीवर असता ना, तर आतापावेतो गारी उभी केली असती त्याचे सावलीत."

"गाडी आहे कुठे माझ्याकडे?"

यावर दोघी हसत, आणि मग बोंबलांचा भाव ठरे. रविवारी वालाचं बिरडं असे. भिजवून मोड आणलेले वाल सोलत आम्ही दोघी मागच्या गॅलरीत बसायचो. सालं वेगळी, डाळिंब्या वेगळ्या. आईचे हात वालावर असत आणि नजर वडावर. तिची नजर त्या झाडावरून हात फिरवावा तशी फिरे, खोडापासून फांदीच्या टोकापर्यंत आणि परत. मी एकदा तिला विचारलं, "हे कशासाठी करतेस तू?" तिनं जरा विचार केला, खरंच विचार केला, आणि म्हणाली, "बघायला." दुसरं काही कारण असावं असं तिला वाटलंच नाही. त्या वयात मला ते उत्तर अपुरं वाटलं होतं.

अलीकडे मी सुकापूरला एका टॉवरमध्ये राहते. तिथल्या शेजारणीनं मला मध्यंतरी बोन्सायच्या एका प्रदर्शनाला नेलं होतं. वातानुकूलित सभागृह, झाडांपुढे नावांच्या पाट्या, पाट्यांवर फिती आणि फितींपुढे मालक. झाडाला एक दर्शनी बाजू असते आणि परीक्षक तीच बघतात, असं एका गृहस्थांनी मला समजावलं. मागची बाजू कोण बघतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "भिंत." झाडं सुंदर होती, यात शंका नाही. पण इतकी माणसं एकाच वेळी इतकी कमी बघत आहेत, असं दृश्य मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. प्रत्येक जण झाडाला पाठ करून फोटो काढत होता.

आईच्या वडाला पारंबी फुटली ते वर्ष मला आठवतं. एवढ्याशा वडाला पारंबी सहजासहजी फुटत नाही. हवेत ओल लागते, आणि ती पनवेलला फुकट मिळते, पण धीरही लागतो. फांदीखाली केसासारखा एक तांबूस धागा दिसला, तेव्हा आईनं मला हाक मारली नाही. मीच तिला गॅलरीत गुडघ्यांवर बसून वर बघताना पाहिलं. मग तिनं शीतपेयाची एक प्लास्टिकची नळी आणून उभी चिरली, आत ओलं शेवाळ भरलं आणि तो धागा त्या नळीतून खाली मातीपर्यंत उतरू दिला. त्याला दोन पावसाळे लागले. पारंबी मातीला लागली त्या दिवशी तिनं नळी काढून टाकली. सुतळीएवढं जाड मूळ हवेत ताणून उभं होतं. त्या दिवशी आमच्याकडे गोडाचा शिरा झाला.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष देवधरकाका होते, पण कारभार देवधरकाकूंचा. काकू वाईट नव्हत्या. त्यांना सगळ्यांचं भलं करायचं असे आणि ते सगळ्यांसमोर करायचं असे. आमच्या मोरीतून खालच्या घरात पाणी गळतं, अशी तक्रार आली म्हणून त्या बघायला आल्या. मोरी बघून झाल्यावर मागच्या गॅलरीत डोकावल्या आणि थबकल्या.

"अगं बाई! हा वड? पारंब्यांसकट?"

"हो," आई म्हणाली.

"आणि तुम्ही तो इथे, केरसुणीशेजारी ठेवलाय?"

वटपौर्णिमा तोंडावर आली होती. आमच्या वसाहतीत वडाचं झाड नव्हतं. बायका बाजारातून वडाची फांदी आणत, कुंडीत खोचत आणि तिला सूत गुंडाळत. दुसऱ्या दिवशी त्या फांद्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ढिगानं पडत. मुळासकट, पारंबीसकट वड आपल्याच इमारतीत आहे, हे काकूंना कसं दिसलं असेल ते मी समजू शकते. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की खाली मोकळ्या जागेत मांडव घालायचा आणि मध्ये हा वड. आई काही म्हणायच्या आत त्या पुढे बोलत होत्या, "एकच दिवस हो. आणि तुम्ही... म्हणजे आमचं कोणाचं काही नाही, पण बायकांचं तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही वरून बघा ना, तुमच्या गॅलरीतून छान दिसेल."

आई विधवा होती आणि ती पूजा सवाष्णींची. आपलंच झाड आपण वरून बघायचं, यातली गंमत काकूंना दिसत नव्हती. आईला दिसत होती, पण ती हसली नाही. "जपून न्या," एवढंच म्हणाली.

आम्ही वरून बघितलं. पांढऱ्या कापडाच्या टेबलावर वड, त्यामागे कापडी फलक, शेजारी माइक. प्रमुख पाहुणे म्हणून एक स्थानिक पुढारी आले होते. ते वडाच्या सावलीबद्दल भरभरून बोलले. टेबलावरच्या वडाची सावली त्यांच्या मनगटी घड्याळाएवढी होती. मग शाल आणि श्रीफळ देवधरकाकांना देण्यात आलं. सोसायटीनं वडाचं संगोपन केलं म्हणून सोसायटीच्या वतीनं सोसायटीच्या अध्यक्षांचा सत्कार, असा तो सरळ हिशेब होता. टाळ्या झाल्या आणि पूजा सुरू झाली. प्रत्येकीनं पळीभर पाणी घातलं, पळीभर दूध घातलं, हळद आणि कुंकू वाहिलं, आंबा ठेवला, फणसाचे गरे ठेवले आणि सूत गुंडाळलं. प्रत्येकीच्या मनात एकेकच पळी होती. सगळ्यांची मिळून त्या परळात किती झाली, हे बघणं कोणाचंच काम नव्हतं. आई कठडा धरून उभी होती. एकदा तिनं वाकून हात पुढे केला, तिसऱ्या मजल्यावरून जणू तो तिथे पोचणार होता, आणि मागे घेतला.

संध्याकाळी झाड वर आलं तेव्हा ते झाड कमी आणि सुताचं भेंडोळं जास्त होतं. आई शिवणाची छोटी कात्री घेऊन बसली आणि एकेक धागा कापू लागली. मी शेजारी बसून कापलेले धागे गोळा करत होते. शेवटच्या काही वेढ्यांत पारंबी निघाली. वरून तुटलेली, खालून तुटलेली आणि सुताला चिकटलेली. आईनं ती सोडवून तळहातावर घेतली, जराशी सरळ केली आणि परळाच्या कडेला मातीत निजवली. मग उठून कुंकवाचा लाल चिखल धुवायला पाणी आणायला गेली.

त्या वर्षभरात दोन फांद्या वाळल्या. दुधानं माती आंबली होती, मुळं कुजली होती. आईनं झाड काढून मुळं साफ केली, नव्या खड्यांत बसवलं, उन्हापासून आत घेतलं, पुन्हा बाहेर ठेवलं. घरात आजारी माणूस असावं तसं ते वर्ष गेलं. झाड सावरलं, पण पूर्वीची ताकद त्यात नव्हती.

मी तेव्हा अकरावीत होते. ज्येष्ठ महिना लागला आणि काकू पुन्हा आल्या. या वेळी त्या विचारायला आल्या नव्हत्या, कळवायला आल्या होत्या. सर्वसाधारण सभेत ठराव झाला होता. वड सोसायटीच्या ऑफिसात काचेच्या पेटीत कायम ठेवायचा. गेल्या वर्षीच्या प्रमुख पाहुण्यांनी पेटीची जबाबदारी घेतली होती, पेटीवर त्यांचं नाव येणार होतं. पूजेच्या दिवशी लोकार्पण.

"पण काकू, झाड आईचं आहे," मी म्हणाले.

"अगं, आईनंच वाढवलंय, कोण नाही म्हणतंय? पण उगवलं कुठे? सोसायटीच्या पाइपात ना?" काकू हसून आईकडे वळल्या. "आणि तुम्हालाही बरंच नाही का? एकट्या बाईला किती व्याप. घर नावावर करायचं तुमचं ते काम अजून यांच्याकडे आहे, तेही यांना म्हटलंय, करून टाका आता."

घर अजून वडिलांच्याच नावावर होतं, आणि ते आईच्या नावावर व्हायला देवधरकाकांची सही लागणार होती. काकूंनी धमकी दिली, असं मी म्हणणार नाही. त्यांनी दोन चांगल्या गोष्टी एका दमात सांगितल्या, इतकंच. आई म्हणाली, "बरं."

पुढच्या रविवारी मी क्लासवरून आले तर आई मागच्या गॅलरीत पाटावर बसली होती, मांडीत परळ, हातात तीच शिवणाची कात्री. तिच्याभोवती वडाची पानं पडलेली. ती एकेक पान देठ ठेवून कापत होती. दर वर्षी या दिवसांत ती एखाद-दुसऱ्या फांदीची पानं अशी उतरवी. नवी पानं येतात ती आणखी लहान येतात, झाडाला शोभतात, हे मला माहीत होतं. पण सबंध झाड तिनं कधी बोडकं केलं नव्हतं. तिनंच मला सांगितलं होतं की, झाडात जोर असला तरच हे करायचं, नाहीतर ते पुन्हा फुटत नाही.

"आई, मरेल ते!"

"मरेलही."

"मग का करतेस?"

तिनं आणखी एक पान कापलं. "काचेत गेलं तर मरेलच. इथे निदान जगणं त्याच्यावर आहे."

मी रडले. ती रडली नाही. शेवटचं पान उतरवलं, पानं सुपात भरली आणि मला म्हणाली, "आता पाणी बेतानं. पानं नाहीत, पिणार कोण?"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकू चार बायकांना आणि एका चांदीच्या ताम्हनाला घेऊन आल्या. आईनं मागच्या गॅलरीचं दार उघडून दिलं. परळात एक करडी, गाठाळलेली काटकी उभी होती.

"हे काय हो झालं?" काकूंनी विचारलं.

"पानं गेली," आई म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"वठला," मागून एकजण हळूच म्हणाली. दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. तिसरीनं ताम्हन पदराखाली घेतलं, जणू वाऱ्यानंही काही लागेल. सौभाग्याचं झाड, विधवेच्या घरी, पूजेच्या आदल्या दिवशी निष्पर्ण. ते वाक्य कोणी उच्चारलं नाही. पाचही चेहऱ्यांवर ते मला वाचता येत होतं.

"जाऊ द्या," काकूंचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "तुम्ही तुमच्या परीनं केलंत. एखादीच्या हाताला नसतं यश, त्याला कोण काय करणार?"

माझ्या तोंडून शब्द फुटणार तेवढ्यात आई म्हणाली, "नीलू, चहा टाक." काकूंखेरीज कोणी चहाला थांबलं नाही.

पुढचे दिवस लांब होते. इमारतीत आईबद्दलचा एक नवा शहाणपणा पसरला. पूर्वी बायका कढीपत्त्याची, मोगऱ्याची मरगळलेली रोपं तिच्याकडे आणून देत. ते थांबलं. खालच्या एकीनं बरी करायला दिलेली तुळस मुलाकडून परत मागवली. हिराबायच्याही कानावर गेलं होतं. ती बोडक्या झाडासमोर टोपली टेकून उभी राहिली.

"त्या बायका बोलतान, तुझे हातान झार मेलं. तू काय बोलत नाय?"

"काय बोलू?"

"बोल ना, नाय मेलं!"

"ते मलाच अजून ठाऊक नाही, हिराबाय," आई म्हणाली. तेव्हाच मला कळलं की ती किती घाबरली होती. रोज कचेरीतून आल्यावर चपला काढायच्या आत ती मागच्या गॅलरीत जाई आणि नखानं खोडाची साल इतकीशी खरवडून बघे. खाली हिरवं असे. पण हिरवं असणं आणि फुटणं यांत अंतर होतं. देठ तर पौर्णिमेआधीच पिवळे पडून गळाले होते. त्यानंतर काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं आमच्या घरात जेवायला बसे, आमच्याबरोबर वाल सोले.

मग एका सकाळी फांदीच्या टोकाला तांबूस, टोकदार काहीतरी दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या फांदीवरही. आठवडाभरात सबंध झाडानं हे करायचं ठरवलं. पानं आली ती नखाएवढी, तकतकीत, आधी तांबडी आणि मग पोपटी. इतका नीटस वड मी पाहिला नव्हता, आणि त्या सभागृहातही पुढे पाहिला नाही.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी काकू आल्या. घराच्या कागदावर सही झाली होती, ते सांगायला. सोबत प्लास्टिकच्या कुंडीत एक मनीप्लांट. "हे ठेवा. हे कुणाकडेही जगतं," त्या म्हणाल्या. आईनं ती कुंडी दोन्ही हातांनी घेतली, छान आहे म्हणाली आणि पुढच्या गॅलरीत ठेवली. स्वयंपाकघराचं दार तिनं आधीच ओढून घेतलं होतं. काकू वेताच्या खुर्चीत बसून बराच वेळ आईचं सांत्वन करत होत्या. आई मान हलवत होती.

त्या गेल्यावर मी आईला म्हटलं, "मी उद्या सगळ्यांना सांगणार."

"काय?"

"तो जिवंत आहे. आणि तुझ्या हाताला यश आहे."

"त्यांना तो बघायचा नव्हता, नीलू. पूजायचा होता." तिनं दार उघडलं. "कागद झाला ना? मग मिटलं."

"आणि ते तुला काय वाटेल ते म्हणतात, त्याचं?"

ती पाटावर बसली. परळ हळूच अर्धा वळसा फिरवला, म्हणजे भिंतीकडची बाजू उजेडात आली. तिकडेही पानं होती, तितकीच.

"म्हणू देत," ती म्हणाली. "तुला बघायचाय की नाही?"

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी बघत होतो.